मध्ये काय बदललं

आमच्या शाळेच्या ऑफिसात एक खुर्ची होती आणि तिच्यावर कायम एक काळी रेक्झिनची पिशवी ठेवलेली असायची. खुर्ची बडगुजरभाऊंची, पिशवीही त्यांचीच. भाऊ स्वतः त्या खुर्चीत बसलेले मी आठ वर्षांत पाहिले नाहीत. उभ्यानं टाईप करायचे, उभ्यानं चहा प्यायचे, आणि दाखल्यावर शिक्का मारतानाही त्यांचा एक पाय दाराकडे वळलेला असायचा. मीटिंगला बोलावलं तर चौकटीला खांदा लावून उभे राहायचे. "भाऊ, बसा की," असं कोणी म्हटलंच तर उत्तर ठरलेलं होतं, "बसलो की उठवत नाही."

शाळा सुरतेच्या गोडादऱ्यातली, मराठी माध्यमाची. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या खानदेशी माणसांची मुलं तिथं शिकायची. मी सांगलीची. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून सुरतेत आले, आणि इथं मराठी शाळा आहे, तिला बाई हव्या आहेत, हे कळल्यावर अर्ज टाकला. महिन्याभरात 'बाई'ची 'बेन' झाले. मानेबेन. पहिलं वर्षभर मला बडगुजरभाऊंचा त्रासच व्हायचा. मी शांतपणे बसून काम करणारी बाई. माझ्या डोक्यावर कोणी उभं राहिलं की मला माझं नावसुद्धा नीट लिहिता येत नाही, आणि हा माणूस सदा डोक्यावर उभा.

भाऊ शाळेचे कारकून. पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं सगळं तेच बघायचे. त्यांना ते कोणी शिकवलं नव्हतं. तरुणपणी चार-पाच वर्षं ते कडोदऱ्याला लूमवर होते, आणि सगळं तिथंच शिकलो असं सांगायचे. "लूम बंद पडला तर आम्ही त्याला शिव्या देत नव्हतो, बेन. धागा कुठं तुटला ते शोधायचो. हे पण तेच आहे."

ऑफिसातल्या त्या एकुलत्या एक कॉम्प्युटरला त्यांनी 'दप्तर' असं नाव दिलं होतं. त्यात 'सर्वांसाठी' नावाचं फोल्डर होतं, आणि आम्ही आठ-नऊ शिक्षक आपापल्या लॅपटॉपवरून शाळेच्या वायफायमधून ते उघडायचो. निकालपत्रकं, वेळापत्रक, सरकारी माहितीचे तक्ते, सगळं त्यातच. निदान उघडावं अशी अपेक्षा होती. आठवड्यातून दोनदा कोणाचं तरी उघडायचं नाही.

माझं पहिल्यांदा अडलं ती दुपार मला चांगली आठवते. मी लॅपटॉप उचलून ऑफिसात गेले आणि म्हटलं, "भाऊ, 'सर्वांसाठी' उघडत नाही."

त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. "शेवटचं कधी उघडलं होतं?"

"सकाळी."

"मध्ये काय बदललं?"

"काहीच नाही."

"काहीच बदललं नाही असं नसतं, बेन. सकाळी उघडलं, आता उघडत नाही. मध्ये काहीतरी झालंय. आठवा."

मी चिडले. म्हटलं, मी दुरुस्तीला आलेय, पोलिसात जबाब द्यायला नाही. ते म्हणाले, "जबाबच समजा," आणि ऑफिसच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालू लागले. मग मी सकाळपासूनची हकिगत सांगितली. पाचवीच्या वर्गात लॅपटॉप उघडला, गुण भरले, दहा वाजता लाईट गेली, अर्ध्या तासानं आली. "लाईट नव्हती तेव्हा कोणतं वायफाय धरलं?" त्यांनी विचारलं, आणि मी खिडकीतून शेजारी पाहिलं.

शाळेच्या भिंतीला लागून एक एम्ब्रॉयडरीचं युनिट होतं. मालक याच शाळेतून शिकून गेलेला. आमची लाईट गेली की त्याचं वायफाय इन्व्हर्टरवर चालू असायचं, आणि त्यानं सगळ्या शिक्षकांना भिंतीवरून वाकून पासवर्ड दिलेला होता. "बेन, आपलंच समजा." आम्ही आपलंच समजलो होतो. लाईट आली तरी लॅपटॉप तेच धरून बसले होते, आणि त्यात 'दप्तर' दिसणार कुठून.

"तुम्ही शेजारच्याच्या घरात शिरून आपल्या घरचा तांदळाचा डबा शोधताय," भाऊ म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते तसेच तरातरा युनिटमध्ये गेले आणि त्या मालकाला, चार कारागिरांच्या देखत, "तुझं प्रेम जरा आवर," असं सांगून पासवर्ड बदलायला लावून आले. त्या भल्या माणसानं नंतर आठ दिवस आमच्याकडे पाहिलं नाही.

निकालाच्या दिवसांत तर त्यांना भेटूच नये. एखादी फाईल एकानं उघडी ठेवली की दुसऱ्याला तिच्यात लिहिता यायचं नाही. मग भाऊ जिना चढून वर यायचे आणि शिकवणं चालू असताना दारात उभे राहून विचारायचे, "चौथी ब कोणाच्या मांडीवर आहे?" मुलं हसायची. एकदा तर ड्रॉइंगचे सर डबा खायला बसले होते, तेव्हा भाऊंनी त्यांच्या हातातली पोळी बाजूला ठेवून आधी फाईल बंद करायला लावली. सरांनी आचार्यांकडे तक्रार केली. गुजरातेत मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात. आमचे आचार्य सोनवणेसर म्हणजे शांत गृहस्थ. ते म्हणाले, "मी त्यांना काय बोलू? मी काल दोन तास फाईल उघडी ठेवून घरी गेलो होतो."

इतकी घाई कशाची, हे मला बरेच दिवस कळलं नाही. कळलं ते 'जनरल रजिस्टर' नावाच्या दुसऱ्या फोल्डरमुळे.

शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची एक नोंद मोठ्या रजिस्टरात असते. नाव, जन्मतारीख, जात, मूळ गाव, कधी आला, कधी गेला. लूमवरची माणसं एका जागी राहत नाहीत. आज गोडादरा, उद्या भिवंडी, परवा गावाकडं. त्यांच्याकडं घराचा कागद नसतो, पण या रजिस्टरात एक ओळ असते. सुरतेत मोठा पूर आला त्या साली शाळेच्या तळमजल्यावर पाणी शिरलं आणि रजिस्टरं भिजली. मी तेव्हा इथं नव्हते, सोनवणेसरांनी सांगितलं. भाऊंनी पानं एकेक सुटी केली, शेजारच्या युनिटमध्ये साड्यांच्या दोऱ्या बांधून त्यांवर वाळत घातली आणि रात्रंदिवस पंखे लावून बसले. बसले म्हणजे अर्थात उभेच राहिले. पानं वाचली. पण शाई दर पावसाळ्यानंतर थोडी फिकी होत चालली. तेव्हा भाऊंनी एक जुना स्कॅनर पैदा केला आणि शाळा सुटल्यावर रोज वीस-तीस पानं अशी तीन वर्षं खपून सगळी रजिस्टरं कॉम्प्युटरात घेतली. काही ओळी कागदावर आता दिसत नाहीत, त्या फोल्डरात स्वच्छ दिसतात.

एकदा मी म्हटलं, "भाऊ, एवढं कोणी सांगितलं होतं का तुम्हाला?"

ते स्कॅनरचं झाकण उघडत-मिटत होते. त्यांनी जे सांगितलं ते पुन्हा कधी सांगितलं नाही. पारोळ्याकडच्या एका खेड्यात त्यांची शाळा. दहावीनंतर सरकारी नोकरीची परीक्षा पास झाले. कागदपत्रांत शाळेचा दाखला हवा होता. शाळेत गेले तर रजिस्टरला वाळवी लागलेली. गुरुजी म्हणाले, बघतो, पुढच्या आठवड्यात ये. भाऊ पुढच्या आठवड्यात गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यात गेले. "अकरा खेपा मारल्या, बेन. सायकलवर. गुरुजी वाईट नव्हते. बिचारे मला दर वेळी बसायला सांगायचे. बस बाबा, चहा घे. मी आपला बसायचो. तारीख निघून गेली." मग सुरतेला मामाकडे आले आणि लूमवर लागले.

त्या दिवसापासून मी त्यांना बसा म्हणणं सोडलं. त्यांचा रागही पूर्वीसारखा यायचा नाही. म्हणजे यायचा, पण लगेच ओशाळं वाटायचं.

कॉम्प्युटरवर आम्हा प्रत्येकाचं वेगळं नाव आणि पासवर्ड भाऊंनीच तयार करून घेतला होता. त्याआधी आम्ही सगळे एकाच नावानं आत शिरायचो, आणि कोणाच्या तरी हातून सातवीचा निकाल उडाला होता. पासवर्ड काय ठेवावा यावर त्यांचा नियम होता. मुलांची नावं नकोत, लग्नाची तारीख नको, ती सगळ्या गल्लीला माहीत असते. "तुम्ही पहिल्यांदा ज्या वर्गाची हजेरी घेतली त्यातलं पहिलं नाव ठेवा. ते शिक्षक विसरत नाही." मी टाईप करताना ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. लॅपटॉपला 'लक्षात ठेव' असं सांगितलं आणि त्यानं ते ठेवलं, त्यामुळे पुन्हा टाईप करायची वेळ माझ्यावर आली नाही.

अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर भाऊ निवृत्त झाले. सगळ्यांना वाटलं होतं, संस्था दोन-तीन वर्षं तरी त्यांना ठेवून घेईल. पण आमच्या संस्थेचे प्रमुखसाहेब आणि भाऊ यांचं कधी जमलं नव्हतं. प्रमुखांना नमस्कार करायलासुद्धा भाऊ थांबायचे नाहीत, चालता चालता करायचे. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं आणि दुसऱ्या दिवशी एक कागद आला. ऑफिसच्या किल्ल्या जमा कराव्यात, बाहेरच्या व्यक्तीनं कॉम्प्युटरला हात लावू नये. बाहेरची व्यक्ती म्हणजे भाऊ. त्यांनी कागद उभ्या उभ्या वाचला, घडी करून पिशवीत टाकला आणि पिशवी खुर्चीवरून उचलली. मला म्हणाले, "बेन, एवढंच बघा. ते फोल्डर कोणी उडवू नये. दुसरीकडं कुठंही त्याची कॉपी नाही. मी हार्ड डिस्क मागत होतो, मिळाली नाही." मी हो म्हटलं. आपण हो म्हणतो तसं.

त्यानंतरची दिवाळी आली. भाड्याची जागा सोडून शाळा पर्वत पाटियाजवळ संस्थेच्या स्वतःच्या इमारतीत न्यायचं ठरलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत सामान हललं आणि लाभपाचमेला नव्या ऑफिसचा मुहूर्त झाला. सुरतेत त्या दिवशी दुकानं, व्यापाऱ्यांच्या गाद्या, ऑफिसं पूजा करून नव्यानं उघडतात. आम्हीही गेलो, पेढे खाल्ले, कॉम्प्युटरच्या डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं पाहिलं, घरी आलो. सुट्टी संपून शाळा भरली त्याच आठवड्यात विजेचा दाब वर-खाली झाला आणि ऑफिसचा मॉनिटर गेला. कॉम्प्युटर चालू, पण दिसायला काही नाही. नवा मॉनिटर सोमवारी येणार होता. डिजिटल वर्गातला मोठा फळा जोडून पाहिला तर त्याची वायर बसेना.

शुक्रवारी दुपारी भिकन महाजन आला. लूमवर काम करणारा, शाळेचा माजी विद्यार्थी. बरोबर त्याची मुलगी जयश्री. तिचं धुळ्याला नर्सिंगला नाव लागलं होतं. जातीच्या पडताळणीसाठी वडिलांच्या शाळेतला, जातीची नोंद असलेला उतारा हवा होता, आणि तो शनिवारी दुपारपर्यंत धुळ्याला द्यायचा होता. नाही दिला तर तिची जागा दुसऱ्याला जाणार होती. संध्याकाळी सहाची बस होती.

"बेन, माले काही समजत नही," भिकन म्हणाला. "पोरले सांगा."

जयश्रीला सगळं समजत होतं, म्हणूनच ती बोलत नव्हती. हातातली प्लास्टिकची फाईल ती उघडत होती आणि मिटत होती.

सोनवणेसरांनी कपाटातून ते जुनं रजिस्टर काढलं. पान सापडलं. भिकनचं नाव वाचता येत होतं, पण जातीच्या रकान्यात पुराच्या पाण्याचा पिवळा डाग होता आणि त्यातली शाई पार उडाली होती. "यावरून मी सही कशी करू?" सर म्हणाले. "फोल्डरात दिसलं तर ताडून करीन." मॉनिटर नव्हता, म्हणजे फोल्डर उघडायचं ते कोणाच्या तरी लॅपटॉपवरून. मी माझा काढला. 'दप्तर' सापडत नाही, असं लॅपटॉप म्हणाला. ड्रॉइंगच्या सरांनी त्यांचा काढला. तेच. चौथीच्या बेनचा, तेच. तीन लॅपटॉप टेबलावर, सगळे एकमेकांना बाजूला सारून टायपायला बघतायत, आणि घड्याळात अडीच वाजलेले. मला भाऊंचं ते 'एवढंच बघा' आठवलं, आणि मी काहीच बघितलं नव्हतं.

मी फोन लावला. त्यांच्या बायकोनं उचलला. "घरम्हा टिकतस का ते? सकायफाईन गल्लीम्हा फिरी ऱ्हायनात," असं म्हणून तिनं खिडकीतून हाक मारली. भाऊ फोनवर आले. मी सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "भाऊ, तुम्ही या ना इथं. रिक्षानं दहा मिनिटांचा रस्ता आहे."

"मी बाहेरची व्यक्ती आहे, बेन. कागद आहे माझ्याकडं." आवाज थंड होता. मग एकदम बदलला. "त्यांनी कॉम्प्युटर पुसला तर नाही ना? नवीन जागा, नवीन मुहूर्त, म्हणून सगळं कोरं केलं असेल. फोल्डर आहे ना?"

"ते कसं सांगू? दिसतच नाही."

थोडा वेळ नुसत्या चपलांचा आवाज आला. मग, "स्पीकरवर ठेवा. मी चालता चालता बोलतो. शेवटचं कधी उघडलं होतं?"

"दिवाळीच्या आधी. जुन्या इमारतीत."

"मध्ये काय बदललं?"

या वेळी 'काहीच नाही' म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी सांगत गेले. इमारत बदलली. वायफायचा डबा नवा आला. सगळे त्याच वायफायवर आहेत का, त्यांनी विचारलं. आम्ही पाहिलं, होते. कॉम्प्युटरचा पंखा ऐकू येतो का? येतो. मागच्या वायरीपाशी हिरवा दिवा लुकलुकतो का? सोनवणेसर टेबलाखाली शिरले. लुकलुकत होता. "मग तो जिवंत आहे," भाऊ म्हणाले, "तुमची हाक त्याला लागत नाही. आणखी काय बदललं?"

"आणखी काही नाही, भाऊ."

"लाभपाचमेला काय काय केलं ते सांगा. पहिल्यापासून."

तीन वाजायला आले होते. जयश्री खिडकीजवळ जाऊन उभी राहिली होती. मला ओरडावंसं वाटलं की इथं मुलीची जागा चाललीय आणि तुम्ही पूजा काय विचारता. पण मी सांगितलं. नारळ फोडला. स्वस्तिक काढलं. पंडितजींनी दारावर तोरण बांधलं. प्रमुखसाहेबांनी कॉम्प्युटर चालू केला, एका बोटानं काहीतरी टाईप केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काय टाईप केलं?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. मी तेव्हा पेढा खात होते. सोनवणेसर टेबलाखालून बाहेर आले, गुडघे झटकले आणि हळूच म्हणाले, "नाव बदललं. पंडितजी म्हणाले, दप्तर हे नाव जुन्या वास्तूचं आहे, आज लाभपाचम, ल अक्षर चांगलं. 'लाभ' ठेवलं."

फोनमधल्या चपला थांबल्या. "सर, तुम्ही त्याचं बारसं केलं आणि कोणाला सांगितलं नाही?"

"मला वाटलं नुसतं शोभेचं असतं," सर म्हणाले.

आम्ही सगळे अर्धा तास जुन्या नावानं हाका मारत होतो. भाऊंनी सांगितल्याप्रमाणे मी दोन तिरप्या रेघा मारल्या आणि पुढं 'लाभ' लिहिलं. लॅपटॉपनं क्षणभर विचार केला आणि एक चौकट समोर आली. नाव आणि पासवर्ड द्या.

"हे का विचारतंय? याला तर पाठ होतं," मी म्हटलं.

"दप्तरचं पाठ होतं. लाभ त्याच्या लेखी नवा माणूस आहे. टाका."

मी माझं नाव टाकलं. मग लॅपटॉप चालू करताना टाकते तो आकडा टाकला. चूक. घरच्या वायफायचा टाकला. चूक. "भाऊ, तुमच्याकडं लिहिलेला असेल ना?"

"मी कोणाचाच लिहून ठेवला नाही. भिंतीकडं तोंड करून उभा होतो, आठवतंय ना? तुमच्या पहिल्या वर्गातलं पहिलं नाव, बेन."

ते शिक्षक विसरत नाही म्हणे. मी विसरले होते. आठ वर्षांत किती वर्ग आले आणि किती गेले. मला चेहरे आठवत होते, पहिला बाक आठवत होता, नाव येत नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. मला रडू यायला लागलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"आठवू नका," फोनमधून भाऊ म्हणाले. त्यांचा इतका मऊ आवाज मी आधी ऐकला नव्हता. "उभ्या राहा. हजेरी घ्या."

मी उभी राहिले. हातात रजिस्टर हवं म्हणून जयश्रीची फाईल घेतली. डोळे मिटून मोठ्यानं म्हटलं, "एक." आणि माझ्या तोंडातून आपोआप पुढचं आलं, "अहिरे कावेरी." दोन वेण्या, एक रिबन नेहमी सुटलेली. 'हाजिर, बेन' असं म्हणताना उडी मारायची. मी बसले आणि टाईप केलं.

चौकट गेली. फोल्डरांची यादी आली. 'सर्वांसाठी' होतं, त्याच्याखाली 'जनरल रजिस्टर' होतं. मी ते उघडलं आणि पानं एकामागून एक उमटत गेली, पुराच्या डागांसकट, पण अक्षरं काळी आणि ठळक.

"आहे, भाऊ," मी म्हटलं. "सगळं आहे."

पलीकडं चपला पुन्हा थांबल्या. मग म्हणाले, "कोण, दगा महाजनना पोऱ्या का? भिकन?"

"हा, आप्पा," भिकन म्हणाला.

"तुन्हं पान मी सोता सुकाडेल शे. घाबरू नको." मग माझ्याशी, पुन्हा नेहमीच्या घाईत, "बेन, उघडं आहे तोवर सगळं उतरवून घ्या. एका जागी ठेवलेलं मला चालत नाही."

सोनवणेसरांनी पानं ताडून पाहिली. उतारा छापला, सही केली, शिक्का मारला. त्यांनी मला विचारलं की तुमच्या लॅपटॉपमध्ये जागा किती आहे, आणि मी सांगायच्या आत स्वतःच म्हणाले, "नको, मी आत्ता हार्ड डिस्क आणायला माणूस पाठवतो. प्रमुखांना मी सांगीन." ते असं ठाम बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले. संध्याकाळपर्यंत त्या फोल्डरच्या दोन कॉपी झाल्या.

हे सगळं नंतर. त्याआधी, शिक्का वाळत होता तेव्हा, फोन अजून चालू होता. त्यातून एका टेम्पोचा लांबलचक हॉर्न ऐकू आला. तोच हॉर्न खिडकीतूनही ऐकू आला. मी जयश्रीच्या शेजारी जाऊन खाली पाहिलं.

रस्त्याच्या पलीकडं चहाच्या लारीजवळ, म्हणजे हातगाडीजवळ, बडगुजरभाऊ होते. काळी पिशवी खांद्याला, फोन कानाला. गोडादऱ्यापासून बोलत बोलत चालत आले होते आणि फाटकासमोर येऊन थांबले होते. कागदात 'बाहेरची व्यक्ती' लिहिलं होतं, तसे बाहेरच.

मी जयश्रीला उतारा दिला आणि बोटानं दाखवलं. ती जिना उतरून धावत गेली, भिकन तिच्यामागून. पुढच्या महिन्यात भाऊ बायकोला घेऊन गावी राहायला गेले, त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. जयश्री आता दुसऱ्या वर्षाला आहे.

खाली भाऊंनी तिच्याकडून कागद हातात घेतला. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचला, जातीच्या रकान्यावर बोट ठेवून पुन्हा वाचला, आणि जयश्रीच्या फाईलमध्ये नीट घालून दिला. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून जमिनीवर ठेवली आणि लारीजवळच्या बाकड्यावर बसले. लारीवाल्यानं चहा ओतला. चहा येईपर्यंत आणि तो पिऊन होईपर्यंत ते उठले नाहीत.